चष्म्यावरची वाफ: स्प्रे, फडकं, कोटिंग आणि भांड्याचं लिक्विड

मी लातूरला मेस चालवते. नीटच्या क्लाससाठी गावोगावहून आलेली लेकरं दोन्ही वेळ जेवायला असतात, काहींचे डबे जातात. चष्मा मला शाळेपासूनचा. चाळिशी लागली तेव्हा जवळचा नंबरही आला, म्हणून आता प्रोग्रेसिव्ह काचा आहेत, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत. चष्मा काढून स्वयंपाक करायचा तर भाताचं शीत शिजलंय का ते कळत नाही. घालून करायचा तर भगुन्याचं झाकण उचललं की डोळ्यापुढं सगळं पांढरं. नेमकं त्याच वेळी एका शेगडीवर वरण उकळत असतं आणि दुसरीवर पुऱ्यांचं तेल तापलेलं असतं. जिला हे रोजचं आहे तिला यातला धोका वेगळा सांगायची गरज नाही.

म्हणून बाजारात यावर जे मिळतं ते मी एकेक करून घेतलं आणि प्रत्येक वस्तू भरपूर दिवस वापरली. अँटी-फॉग स्प्रे, पाकिटातलं कोरडं फडकं, काचेवर चढवून घेतलेलं कोटिंग, आणि शेवटी ओट्यावरचं भांड्याचं लिक्विड. या वस्तूंबद्दल जे लिहिलेलं वाचायला मिळतं ते बहुतेक मास्क लावणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. २०२० नंतर तर घरोघरी तोच प्रश्न होता. पण शेगडीपुढं उभं राहणाऱ्या माणसाचा प्रश्न निराळा आहे. मास्कवाल्याच्या काचेवर फक्त श्वासाची वाफ येते. आमच्या काचेवर वाफ यायच्या आधीच फोडणीचं तेल बसलेलं असतं. ते डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतं. सकाळच्या स्वयंपाकानंतर चष्म्याच्या काचेवरून बोट फिरवून बघा, चिकट लागेल. माझ्या अनुभवात या सगळ्या वस्तूंचा कस तिथंच लागला. वाफेवर सगळ्याच थोड्याफार चालतात. तेलावर कोणती टिकते ते बघायचं.

वाफ काचेवर का धरते ते मला आमच्याकडं जेवायला असलेल्या अहमदपूर तालुक्यातल्या एका मुलीनं नीट समजावलं. काच वाफेपेक्षा गार असते, म्हणून वाफेचं तिच्यावर पाणी होतं. ते पाणी सपाट पसरलं असतं तर काही बिघडलं नसतं, आरपार दिसलंच असतं. पण पाणी स्वतःला आवळून घेतं आणि बारीक बारीक थेंब होतात. प्रत्येक थेंब उजेड इकडंतिकडं फेकतो, म्हणून काच पांढरी दिसते. "काकू, हा आमचा सरफेस टेन्शनचा, म्हणजे पाण्याच्या या आवळून घेण्याचा, चॅप्टर आहे," ती म्हणाली, "२५ अंशाला पाण्याचं ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतं, साबण टाकला की निम्म्याच्याही खाली येतं." म्हणजे साबण असो, स्प्रे असो की महागडं कोटिंग, काम एकच: थेंब होऊ न देता पाणी पसरवून टाकायचं. वाफ येणं यातलं काहीच थांबवत नाही.

हे मी नंतर स्वतः बघितलं. चष्म्याची एक काच लिक्विडच्या पाण्यानं धुतली, दुसरी तशीच ठेवली आणि उकळत्या भगुन्यावर हातभर उंचीवर चष्मा धरला. न धुतलेली काच लगेच दुधी झाली. धुतलेलीही ओली झाली, पण तिच्यातून बर्नरची निळी ज्योत दिसत राहिली, किंचित हललेली, पण स्पष्ट. पाणी काचेवरून सावकाश खाली उतरलं आणि फ्रेमच्या खालच्या कडेला एक थेंब लोंबायला लागला. भाकऱ्या थापता थापता मावशी बघत होत्या. त्यांनाही चष्मा आहे. म्हणाल्या, "ताई, माझ्या काचा बी अशा करून द्या, मला तर तव्यापुढं काहीच दिसंना."

वस्तूंकडं येण्याआधी आपल्या हवेबद्दल एक सांगायला हवं. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात स्वयंपाकघर इतकं तापतं की चष्म्याच्या काचाही गरम असतात. वाफ धरली तरी क्षणात उडून जाते, कारण हवा कोरडी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे शेगडी पेटवायची वेळ येते तेव्हा काच गारठलेली असते आणि सुशील्याच्या, म्हणजे चुरमुऱ्यांच्या नाश्त्याच्या, कढईवरचं झाकण काढलं तरी चष्मा भरून येतो. पावसाळ्यात धरलेली वाफ लवकर जात नाही. त्यामुळं उन्हाळ्यात घेतलेल्या कोणत्याही अँटी-फॉगचं कौतुक थंडी येईपर्यंत करू नका. मी घेतलेला स्प्रे मे महिन्यात मला फार गुणाचा वाटला होता.

त्या स्प्रेपासूनच सुरू करते. छोटी बाटली, ३०० रुपयांच्या आतबाहेर. दोन्ही बाजूंनी फवारायचा, सोबतच्या मऊ कापडानं पसरवायचा, मिनिटभर थांबायचं. स्वच्छ काचेवर तो चालतो, यात शंका नाही. भाताचं झाकण काढलं, वरण घोटलं, चष्मा साफ राहिला. पण फोडणी दिली की त्याचं बळ जातं. तेलाची बारीक फवार काचेवर बसते आणि तिथं तिथं ठिपके धरतात, म्हणजे काच अर्धी साफ आणि अर्धी डागाळलेली. हे पूर्ण पांढऱ्या काचेपेक्षा जास्त त्रासाचं आहे, कारण डोळा सारखा साफ जागा शोधत राहतो आणि डोकं दुखायला लागतं. वरून पुन्हा फवारलं तर तेल आणि स्प्रे मिळून ट्यूबलाइटच्या उजेडात रंगीत पट्टे दिसतात. म्हणजे आधी काच धुवायची आणि मग स्प्रे मारायचा. आणि धुवायचीच आहे तर स्प्रे कशाला, हा प्रश्न मला तेव्हाच पडला.

दुसरी गोष्ट घामाची. शेगडीपुढं कपाळावरून घाम येतो, काचेच्या आतल्या बाजूला लागतो आणि जे काही काचेवर लावलेलं असेल ते घेऊन डोळ्यात उतरतं. स्प्रे लावलेल्या दिवशी माझे डोळे चुरचुरायचे. माझी मुलगी फार्मसी शिकलेली आहे. तिनं मला क्रिस हॅडफिल्ड या कॅनडाच्या अंतराळवीराची हकीकत सांगितली. २००१ साली यानाबाहेर काम करत असताना त्यांच्या हेल्मेटच्या काचेला आतून लावलेलं अँटी-फॉग द्रावण डोळ्यात गेलं आणि त्यांना काही वेळ दिसेनासं झालं. तिथं वजन नसल्यामुळं डोळ्यातलं पाणी खाली ओघळत नाही, डोळ्यावरच साचून राहतं. हेल्मेटच्या काचेवर वाफ धरण्याचा त्रास त्यांच्याही आधीचा. १९६६ साली अमेरिकेच्या जेमिनी ९ मोहिमेत अंतराळवीर यूजीन सर्नन यानाबाहेर आले, श्रमानं घामाघूम झाले आणि काच इतकी भरली की त्यांना ते काम अर्धवट सोडावं लागलं. त्यानंतर काचेला आतून असं द्रावण लावायला सुरुवात झाली. एवढ्या तयारीच्या माणसांना जे जड गेलं ते तापल्या तेलापुढं माझ्यासोबत होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मुलीनं आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी तिकडं ऑनलाइन खपणारे ४ अँटी-फॉग स्प्रे आणि ५ फडकी तपासली होती. २०२२ च्या जानेवारीत ते छापून आलं. नऊच्या नऊ वस्तूंत फ्लोरिनची रसायनं निघाली, ज्यांना पीएफएएस म्हणतात. या कुळातली काही रसायनं लवकर नष्ट होत नाहीत, अंगात साठून राहतात. ज्या बाटल्या तपासल्या त्या तिकडच्या बाजारातल्या, हे खरं. पण माझ्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं. नुसतं 'विशेष फॉर्म्युला'. ज्या हातानं स्प्रे पसरवायचा त्याच हातानं मी कणीक मळते. पन्नासच्या वर लेकरं माझ्या हातचं खातात. आत काय आहे ते छापलेलं नाही अशी वस्तू मला ओट्याजवळ नको, म्हणून बाटली मी काढून टाकली.

कोरडं फडकं स्वस्त आहे, १५० रुपयांच्या आसपास मिळालं. चेनच्या छोट्या पाकिटात येतं. काच आधी तोंडाच्या वाफेनं ओली करायची आणि फडक्यानं हलकं चोळायची. स्प्रेपेक्षा थर पातळ आणि सारखा बसतो, पट्टे दिसत नाहीत, हे चांगलं. पण हे फडकं धुवायचं नसतं. धुतलं की त्यातलं औषध जातं. आता मेसच्या स्वयंपाकघरात तेलाच्या हाताला न लागता फडकं राहील तरी कसं? काही दिवसांत त्याचा कोपरा पिवळा पडला, आणि पुढं त्यानं काच पुसली की तेलच पसरायचं. शिवाय पाकिटाची चेन उघडी राहिली तर ते वाळून निकामी होतं. ते फडकं मी मग एका लेकराला दिलं. तो सकाळी तोंडाला रुमाल बांधून सायकलवर क्लासला जातो आणि रुमालातून श्वास वर येऊन त्याचा चष्मा भरतो. त्याच्याकडं ते झकास चालतंय. स्कूटीवर स्टोल बांधून जाणाऱ्या मुलींनीही घ्यायला हरकत नाही, मुलीनं सांगितलेली रसायनांची गोष्ट तेवढी ध्यानात ठेवून. वस्तू वाईट नाही, स्वयंपाकघराची नाही एवढंच.

आता कोटिंग, ज्यावर सगळ्यात जास्त पैसे गेले. पण त्याआधी माझ्या जुन्या चष्म्याचं सांगते, कारण कोटिंग घेणाऱ्या प्रत्येक बाईला हे माहीत असायला पाहिजे. जुन्या काचांवर मल्टीकोट होतं, चकाकी न येणारं. वर्ष व्हायच्या आत काचेच्या मधोमध बारीक जाळी दिसायला लागली. समोरून दिव्याचा उजेड आला की डोळ्यापुढं धूसर व्हायचं. जिथून घेतला होता त्या दुकानात दाखवला तर म्हणाले, तुम्ही पदरानं घासून पुसता, त्याचे ओरखडे आहेत, वॉरंटीत बसत नाही. मी पदरानं पुसत नाही. पदराला पीठ असतं, मीठ असतं, ते मला कळतं. मग गंजगोलाईजवळच्या दुसऱ्या एका चष्मेवाल्यानं काच भिंगाखाली धरून मला दाखवली. "काकू, ओरखडा सरळ रेघेत जातो. ही रेघ नाही, जाळी आहे. हे उष्णतेचे तडे आहेत." आपण काच म्हणतो पण ती असते फायबरची. तापली की ती फुगते आणि तिच्यावरचा कोटिंगचा पातळ थर तेवढा फुगत नाही, म्हणून तडकतो. मोठ्या भट्टीवर वाकून काम करणाऱ्यांचं, उन्हात गाडीच्या काचेपाशी चष्मा ठेवणाऱ्यांचं हेच होतं. कढत पाण्यानं चष्मा धुणंही यासाठीच वाईट. विकताना हे सांगायला दोन वाक्यं लागतात. पहिल्या दुकानानं ती सांगितली असती तर माझे पैसे वाचले असते, आणि नंतर दोष माझ्यावर ढकलला त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या दुसऱ्या चष्मेवाल्याकडूनच मी अँटी-फॉग कोटिंगच्या काचा करून घेतल्या. काचा बाहेरून मागवाव्या लागल्या, साध्या काचेपेक्षा दीड-दोन हजार जास्त पडले. त्यानं प्रामाणिकपणे विचारलं, "काकू, कशासाठी पाहिजे? भट्टीपुढं ना? मग मी शंभर टक्के सांगणार नाही." सोबत एक खास कापड दिलं. चष्मा धुऊन, सुकवून, त्या कापडानं चोळला की कोटिंग जागं होतं, असं या प्रकारच्या काचांचं काम. सगळी अँटी-फॉग कोटिंग अशी कापडावर चालणारी नसतात, पण माझं तसं आहे. घ्यायच्या आधी हे विचारून घ्या, कारण कापड संपलं किंवा खराब झालं की ते परत आणावं लागतं.

काम कसं? पहिल्या दिवशी मी मुद्दाम निलंगा राईसच्या भगुन्याचं झाकण काढून वाकून बघितलं. तांदूळ, तूर डाळ, शेंगदाणे सगळं दिसत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाफेतून आतलं दिसलं. त्या दिवशी मला खरंच भरून आलं होतं. त्याचा गुण अजूनही आहे. बाहेर, बाजारात, एसी गाडीतून उतरल्यावर, मास्क लावल्यावर काच भरत नाही. पण पुरीच्या घाण्याला किंवा रोजच्या फोडणीला तेल बसलं की यावरही ठिपके धरतात. तेल धुऊन काढलं की पुन्हा ठीक. म्हणजे इथंही धुणं सुटलं नाही, पण स्प्रेपेक्षा कितीतरी वरचढ. डॉक्टर, नर्स, लॅबमध्ये काम करणारे, मोटारसायकलवर फिरणारे यांनी बेलाशक घ्यावं. स्वयंपाकवालीनं घ्यावं का? बाहेरच्या वापराच्या चष्म्याला घ्यावं. भट्टीपुढच्या चष्म्याला एवढे पैसे घालू नयेत, कारण उष्णता कोटिंगची वैरीण आहे.

आणि आता भांड्याचं लिक्विड. डॉक्टर लोक ही युक्ती पूर्वीपासून करतात. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात २०११ साली एक छोटा लेख आला होता: मास्क लावायच्या आधी चष्मा साबणाच्या पाण्यानं धुवा, जास्तीचं पाणी झटका, हवेवर वाळू द्या किंवा मऊ टिश्यूनं हलकं टिपून घ्या, वाफ धरत नाही. इतकं साधं. पण लातुरात हे जसंच्या तसं केलं तर जमत नाही, आणि त्याचं कारण आपलं पाणी आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं ज्या शहराला पाणी आलं तिथल्या माणसाला पाण्याच्या जाती सांगाव्या लागत नाहीत. नळाचं, टँकरचं, बोअरचं, फिल्टरच्या जारचं. आमच्या बोअरचं पाणी तापवलं की भगुन्याला पांढरा थर धरतो, इतका त्यात क्षार. या पाण्यात अंगाचा साबण घेतला की फेस होत नाही, काचेवर पांढरट चिकट थर बसतो. वाळल्यावर वर ठिपके वेगळेच. लोक म्हणतात साबणाची युक्ती खोटी आहे. युक्ती खोटी नाही, जड म्हणजे क्षाराचं पाणी साबणाला काम करू देत नाही. भांड्याचं लिक्विड साबणापेक्षा बरं, कारण ते जड पाण्यात फाटत नाही. पण शेवटचं पाणी जारचंच पाहिजे.

मी असं करते. आधी नळाखाली गार पाण्यात बोटावर लिक्विडचा एक थेंब घेऊन दोन्ही काचा, नाकाच्या पॅड आणि फ्रेमची कड चोळून धुते. हे तेल काढण्यासाठी. पॅडच्या मागं आणि फ्रेमच्या खाचेत तेल साठतं, तिथलं काढलं नाही तर तेच परत काचेवर येतं. मग चष्मा खंगाळून घेते. नंतर वाटीभर जारच्या पाण्यात लिक्विडचा अगदी छोटा थेंब टाकते, चष्मा बुडवते, काढते, झटकते आणि काड्या खाली करून स्वच्छ कापडावर उभा ठेवते. हे दुसरं पाणी खंगाळायचं नाही. त्याचा जो अगदी पातळ थर राहतो तोच पाणी पसरवतो. पुसायचं तर अजिबात नाही, पुसलं की थर गेला. आपल्या कोरड्या हवेत भाजी चिरून होईपर्यंत चष्मा वाळलेला असतो. थेंब मोठा झाला तर काच धुरकट दिसते, तेव्हा पाणी थोडं वाढवायचं. डोळे चुरचुरले तर समजायचं की लिक्विड जास्त झालं. माझ्या वापरात एवढं पातळ पाणी एका स्वयंपाकाला पुरतं. संध्याकाळी पुन्हा. दोन वेळ भांडी घासायची असतातच, त्यात चष्मा काही जड नाही.

लिक्विड साधं घ्या. हात मऊ ठेवणारं, क्रीम घातलेलं घेतलं तर काचेवर तेलकट डाग राहतात. भांड्याची वडी चालणार नाही, तिच्यात घासायची पूड असते. राख, टूथपेस्ट यांनी तर काच कायमची खराब होते. माझ्या ओळखीत एकीनं टूथपेस्ट लावली होती, चमक आली आणि काच गेली.

वस्तूंइतकाच फरक मला फ्रेमनं पडला, आणि हे कुणीच सांगत नाही. स्वयंपाकाची वाफ खालून येते. गालाला टेकणारी जाड प्लास्टिकची फ्रेम असेल तर वाफ काचेच्या मागं शिरते आणि तिथंच अडकते, म्हणून आतली बाजू आधी भरते. तारेची फ्रेम आणि नाकाला हलणाऱ्या पॅड असतील तर चष्मेवाला पॅड थोड्या वाकवून काच गालापासून लांब करून देतो. फुकटात होतं. मधून हवा खेळते आणि वाफ धरली तरी लवकर जाते. प्रोग्रेसिव्ह काचेला मात्र मापाचं बंधन आहे, चष्मा पुढं घेतला की वाचायची जागा सरकते, म्हणून ते दुकानात बसूनच करून घ्या.

झाकण काढायची पद्धतही मी बदलली. सांडशीनं झाकणाची पलीकडची कड आधी उचलायची, आपल्याकडची टेकलेली ठेवायची. झाकणच आडोसा होतं, वाफ भिंतीकडं जाते, चष्माही वाचतो आणि तोंडही. पोरांना डबे भरायला मदतीला येणाऱ्या मुलीला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. एक्झॉस्ट फॅन शेगडीच्या मागच्या भिंतीला असेल तर आणखी चांगलं. आमचा पूर्वी पाठीमागच्या खिडकीत होता, म्हणजे सगळी वाफ माझ्या तोंडावरून ओढून नेत होता. तो हलवला त्या दिवसापासून डोळ्यांना आराम आहे.

एवढं सगळं वापरून झाल्यावर मी भट्टीपुढचा चष्मा वेगळा केला. कोटिंगच्या काचा बाहेर जाताना. स्वयंपाकाला तारेची हलकी फ्रेम, हलणाऱ्या पॅड, साध्या फायबरच्या काचा, त्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून फक्त हार्ड कोट, मल्टीकोट नाही, निळा उजेड अडवणारं ब्लू कट नाही. नंबर हातभर अंतराचा घेतला, कारण भगुनं आणि तवा तेवढ्याच अंतरावर असतात. चष्मेवाल्याला म्हटलं, "भाऊ, महाग काही दाखवू नका, रोज दोनदा धुवायचा आहे." हजाराच्या आत बसला. मावशींनाही तसाच करायला सांगितला. त्या जुन्याच नंबरवर काच बदला म्हणत होत्या, पण मी आधी डोळे तपासून घ्यायला लावले. नंबर वाढलेला निघाला. तव्यापुढं न दिसण्यात थोडा वाटा त्याचाही होता.